पळी मुलांच्या हातातच राहू द्या

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलाच्या स्काऊट पथकाचं दोन रात्रींचं शिबिर होतं. सोलापूरपासून फार लांब नाही, तुळजापूर रस्त्याला आत एका शेतात. मुलं बत्तीस, संघ चार, प्रत्येक संघाची चूल वेगळी. बहुतेक मुलं आमच्या मोहल्ल्यातली, चार-पाच पद्मशाली घरांतली. मदतीला म्हणून आम्ही चार पालक गेलो होतो.

पहिल्या संध्याकाळी माझ्या मुलाच्या संघाची खिचडी बुडाला लागायला लागली. संघनायक नववीतला पोरगा. एका हातात पळी, डोळ्यांत धूर. लाकूड मागे ओढावं की पाणी घालावं, याचा तो विचार करत होता. मी तीन ढांगांत तिथे पोचलो. "हट बाजूला, जळेल सगळं," म्हणालो आणि त्याच्या हातातून पळी काढून घेतली. खिचडी वाचली. सगळ्यांनी पोटभर खाल्ली. दोघा पालकांनी माझी पाठही थोपटली.

रात्री वारं सुटलं आणि त्याच संघाच्या तंबूचा एक कोपरा उखडला. आठ मुलं बाहेर येऊन उभी राहिली. खुंटी समोर पडली होती. हातोडा दाराशीच होता. गाठी सगळ्यांना येत होत्या, त्यांची परीक्षाही झाली होती. पण एक पोरगं हललं नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. संघनायकसुद्धा. "अंकल, अब क्या करना?"

संध्याकाळी मी त्या मुलाकडून फक्त पळी घेतली नव्हती. त्याच्या संघासमोर त्याची नायकी काढून घेतली होती, आणि उरलेल्या सात जणांना सांगून टाकलं होतं की खरा नायक नीमच्या झाडाखाली बसलाय, वेळ आली की तो येतो. मग मुलांनी शहाणपणा केला. माझी वाट बघितली.

सकाळी स्काऊट मास्तरांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. त्यांनी फक्की घेतली, नीमच्या झाडाभोवती एक मोठा गोल आखला, त्यात चार खुर्च्या मांडल्या आणि आम्हाला म्हणाले, "पालकांनी या रेषेच्या आत बसायचं. कुणाला रक्त आलं, कुठे आग भडकली, कुणी विहिरीकडे गेलं, तर पळत या. एरवी चहा प्या."

तो दिवस मी रेषेच्या आत बसून काढला. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती. पण त्या दिवशी जे बघितलं, त्यावर हा लेख आहे. आणि तो कुणा एका शाळेविरुद्ध नाही. तो माझ्यासारख्या सगळ्या मोठ्या माणसांविरुद्ध आहे.

दुपारी पाण्याचा ड्रम रिकामा झाला. एका मुलानं तोटी उघडी टाकली होती. रेषेच्या आत आमची पंचायत लगेच बसली. एक पालक म्हणाला, घरी पाठवा त्याला. दुसरा म्हणाला, दोन ठेवून द्या, लक्षात राहील. मास्तर म्हणाले, मानसभा ठरवेल. मानसभा म्हणजे स्काऊटचं कोर्ट ऑफ ऑनर. चारही संघांचे नायक बसतात, पथकाचे प्रश्न सोडवतात, आणि मास्तर तिथे सल्लागार असतो, न्यायाधीश नसतो. पोरं वीस मिनिटं बसली. निकाल असा आला: तोटी उघडी टाकणारा मुलगा आणि त्याचा संघनायक, दोघांनी मिळून ड्रम भरायचा. नायक का? तर पाण्याची पाळी कुणाची हे त्यानं सकाळी ठरवूनच दिलं नव्हतं, आणि हे त्यानं स्वतः सभेत सांगितलं होतं. आमच्या चौघांच्या मिळून पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवाला हा निकाल सुचला नव्हता.

दुसरा प्रश्न मगरिबचा. नमाजची वेळ आणि चूल पेटवायची वेळ एकच. मोठ्यांच्या हातात हा विषय दिला असता तर त्याची चर्चा झाली असती, एखाद्याचं मन दुखावलं असतं, परत येऊन चार घरांत त्याची चर्चा झाली असती. पोरांनी पाच मिनिटांत पाळी लावली. मगरिबला पद्मशाली मुलं चुलीशी थांबणार, त्याबदल्यात पहाटे पाणी तापवायचं काम फजरला उठणाऱ्यांचं. विषय संपला.

आता आपल्याकडे एरवी काय चालतं ते बघू. कितीतरी शाळांत स्काऊटचा गणवेश वर्षातून दोनदा बाहेर निघतो, २६ जानेवारीला आणि पाहुणे आले की. गळ्यात स्कार्फ घातलेली मुलं दोन रांगांत उभी करायची, त्यांच्यामधून प्रमुख पाहुणे चालत जाणार, एकाच्या हातात पुष्पगुच्छांचं तबक, दुसऱ्याच्या हातात पाण्याचे ग्लास. गाठी फळ्यावर काढून शिकवायच्या. सोपानांची वही गुरुजींनी सांगायची, मुलांनी उतरवायची. ‘खरी कमाई’ म्हणजे मुलानं स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे, पण ते वडिलांच्या खिशातून येतात आणि वहीत ‘गाडी धुतली’ असं लिहिलं जातं. शिबिरात स्वयंपाकाला आचारी. पुरस्काराचा विषय निघाला की सवलतीच्या गुणांचा हिशोब आधी. या सगळ्यात मूल काय शिकतं? उभं राहायला शिकतं. सांगेपर्यंत उभं राहायला.

शिक्षकांवर सगळा दोष टाकणं सोपं आहे. पण पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, या सगळ्यातून ज्याला श्वास घ्यायला वेळ नाही, त्याच्या गळ्यात स्काऊट बांधलं तर तो रांगच लावणार. रांग लावायला एक शिट्टी पुरते. मुलांना निर्णय घेऊ द्यायला वेळ लागतो, सहनशक्ती लागते, आणि वाईट खिचडी खायची तयारी लागते.

स्काउटिंगची मूळ रचना मात्र याच्या उलट आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. वीसएक मुलं होती, काही बड्या शाळांतली, काही कामकरी घरांतली. त्यांनी त्यांचे चार छोटे गट केले आणि प्रत्येक गटावर त्यातलाच एक मुलगा नेमला. पेट्रोल पद्धत म्हणतात ती हीच, आपण तिला संघ पद्धत म्हणतो. सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा नायक मुलगाच, आणि सगळ्या नायकांची मिळून मानसभा. ही पद्धत म्हणजे स्काऊटच्या इमारतीतली एखादी खोली नाही, पाया आहे. ती काढली तर जे उरतं ते गणवेशातलं पीटी.

काही वाचक म्हणतील, साम्राज्याच्या एका गोऱ्या सेनापतीचा खेळ, त्याचं एवढं काय कौतुक? रास्त प्रश्न. याच खेळाचा आपल्या देशातला इतिहास बघा. १९०९ साली इथे स्काउटिंग आलं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. मद्रासकडे अ‍ॅनी बेझंट यांनी, अलाहाबादकडे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एक व्हाव्यात म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद होते. ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था उभी राहिली. मौलानांना या विषयात कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः ‘लिसानुस्सिद्क’ हे नियतकालिक काढलं तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते.

दार बंद ठेवणारे काय म्हणत होते? भारतीय माणूस अजून लायक झालेला नाही. आधी शिस्त शिका, लायक व्हा, मग बघू. स्वराज्याच्या प्रश्नावरही त्यांचं उत्तर हेच होतं. त्या उत्तराला सोलापूरनं काय जबाब दिला, ते या गावात कुणाला सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार सोलापूरकर फाशी गेले: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत होता, गिरणी कामगारांत काम करत होता, आणि तेव्हा विशीत होता. आपण दर वर्षी त्या पुतळ्यांना हार घालतो. आणि घरी येऊन सोळा वर्षांच्या पोराला म्हणतो, तुला काय कळतं, गप बस.

‘अजून लायक नाही’ हे वाक्य इंग्रजाच्या तोंडी आपल्याला अपमान वाटतो. आपल्या तोंडी ते संस्कार कसं होतं?

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण मोहल्ल्यात हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "बुजुर्गांचा अदब". अदब हवाच. पण अदब शिकवणाऱ्यांनी सीरत नीट वाचावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आयुष्याच्या अखेरीस सीरियाच्या दिशेनं एक लष्कर तयार केलं आणि त्याचं नेतृत्व दिलं हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना. वय अठराच्या आसपास. वडील एकेकाळचे गुलाम. लष्करात मोठमोठे सहाबी. लोकांत कुजबुज झाली, हा पोरगा आमच्यावर? प्रेषितांनी आजारपणात लोकांसमोर येऊन त्या कुजबुजीला उत्तर दिलं आणि उसामांची निवड कायम ठेवली. प्रेषितांच्या निधनानंतर पुन्हा आग्रह झाला की सेनापती बदला. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी नकार दिला. इतिहासकार लिहितात की लष्कर निघालं तेव्हा उसामा घोड्यावर होते आणि खलिफा त्यांच्या बाजूनं पायी चालत होते. मदिनेत कामाला हजरत उमर (रजि.) हवे होते, तर खलिफांनी ते परस्पर ठेवून घेतले नाहीत. त्या तरुण सेनापतीची परवानगी मागितली. खलिफा होते, हुकूम देऊ शकले असते. पण तसं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या लष्करात उसामांचं कुणी ऐकलं असतं का?

दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त आवडते. सहीह बुखारीत आहे. अम्र बिन सलमा हा सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याची वस्ती रस्त्यावरच्या पाणवठ्यावर होती, येणाऱ्या-जाणाऱ्या काफिल्यांकडून ऐकून ऐकून त्यानं कुरआन पाठ केलं होतं. वस्तीनं इस्लाम स्वीकारला तेव्हा वडील प्रेषितांकडून निरोप घेऊन आले की ज्याला कुरआन सगळ्यात जास्त येतं त्यानं नमाज पढवावी. शोधलं तर सगळ्यात जास्त या मुलालाच येत होतं. त्याला पुढे उभं केलं. अंगावरचं कापड एवढं तोकडं की सजद्यात गेला की उघडा पडायचा. मागून एक बाई म्हणाली, तुमच्या इमामाला झाका तरी. मग लोकांनी कापड विकत घेतलं, सदरा शिवला. त्या सदऱ्याइतका आनंद आपल्याला दुसऱ्या कशानं झाला नाही, असं ते मोठेपणी सांगत.

नाबालिगाच्या इमामतीबद्दल आपल्या हनफी मताची अट मला माहीत आहे, फिकहचा वाद मी इथे काढत नाही. मी फक्त त्या वस्तीतल्या मोठ्या माणसांकडे बघायला सांगतोय. मुलाची अडचण त्यांना दिसली होती. इमामत काढून घेणं अगदी सोपं होतं, कारणही हातात होतं. त्यांनी सदरा शिवला.

मोठ्यांचं काम एवढंच आहे, आणि ते लहान काम नाही.

माझे मित्र विचारतात, आजच्या वातावरणात हे परवडेल का? आठ मुसलमान पोरं शहराबाहेर, रात्रीची, तंबूत. कुणी व्हिडिओ काढला, कुणी येऊन नावं विचारली तर? ही भीती खोटी नाही. आपली चार पोरं एकत्र चालताना दिसली की काही लोकांच्या नजरा बदलतात, हे आपण सगळे रोज बघतो. पण त्यावर इलाज काय, ते नीट ठरवू या. शेतमालकाची लेखी परवानगी घ्या. शाळेचं पत्र सोबत ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा. गावच्या सरपंचाला भेटून या. प्रथमोपचाराची पेटी, रात्रीसाठी एक गाडी, प्रत्येक पालकाचा फोन नंबर. विहीर, तलाव, हमरस्ता या जागा आधीच ठरवून बंद करा, तिथे मानसभेचं मतही चालणार नाही. सदरा म्हणतात तो हा. हे सगळं मोठ्यांनी करायचं आणि मुलांना कळूही द्यायचं नाही की किती खटाटोप केला. पण सदरा शिवायच्या नावाखाली पळी काढून घेऊ नका. भीती रस्त्याची आहे, आणि आपण धाक चुलीपाशी दाखवतो.

मुलीच्या बाबतीत तर मी याहून वाईट वागलो. ती गाईडमध्ये होती, तिच्या संघाची नायिका होती. आठवीत शिबिर आलं आणि आम्ही नाही म्हणालो. अम्मी म्हणाली, जमाना खराब आहे. मीही मान डोलावली. शिबिरात बाई शिक्षिका होत्या, जागा शहरातली होती, कारण खरं म्हणजे एकही नव्हतं. तिच्याऐवजी दुसरी मुलगी नायिका म्हणून गेली. परत आल्यावर नायकी तिच्याकडेच राहिली, आणि वर्षभरात आमच्या मुलीनं गाईड सोडलं. तिनं कधी तक्रार केली नाही. आज ती कॉलेजात आहे, हुशार आहे, आणि बसचा पास काढायचा असला तरी विचारते, "अब्बा, काढू का?" लोक म्हणतात, किती आज्ञाधारक. मला त्या कौतुकाची लाज वाटते.

मोहल्ल्यातल्या जमातीच्या, ट्रस्टच्या, तालमीच्या बैठकीला जाऊन बसा. साठीच्या आतला माणूस शोधावा लागतो. तरुण पोरं सतरंज्या अंथरायला, माइक लावायला, जेवण वाढायला. त्याच बैठकीत विषय असतो, तरुण पिढी भरकटली. ज्याला बारा वर्षांचा असताना खिचडीची पळी दिली नाही, सोळाव्या वर्षी भांडणाचा निवाडा करू दिला नाही, तो तिसाव्या वर्षी ट्रस्टचा हिशोब घेऊन जबाबदारीनं उभा राहील, ही अपेक्षा कुठल्या हिशोबात बसते? आणि त्यातला जो खरोखर हिकमती असतो, तो आपली वाट बघत नाही. त्याला पळी देणारा कुणीतरी भेटतो. प्रत्येक वेळी तो माणूस चांगलाच असेल, याची खात्री मी देऊ शकत नाही.

एक आक्षेप खरा जड आहे. मुलांच्या हातात सत्ता दिली की मोठी मुलं लहानांना छळतात, आवडत्याला हलकं काम आणि नावडत्याला भांडी. होतं असं. म्हणूनच मास्तर हवा, मानसभा हवी, आणि सगळ्यात लहान मुलाला थेट मास्तरांकडे जायची मुभा हवी. कुणावर हात उगारला, कुणाची जात-धर्मावरून टिंगल झाली, तर मोठ्यांनी त्या क्षणी मध्ये पडावं, कसलाही विचार न करता. मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणं नाही. फक्कीचा गोल मास्तरांनी आखला होता, आणि ते सारा दिवस जागे होते.

माझी मागणी साधी आहे. ज्या शाळांत पथक आहे, तिथे यंदा मानसभा खरोखर बसू द्या. शिबिर कुठे, जेवण काय, पाळ्या कशा, वर्गणी किती, हे तिथे ठरू द्या. वही मुलांना लिहू द्या, चुकांसकट. पाहुण्यांना पाणी द्यायला शिपाई आहेत. आणि ज्या मोहल्ल्यात पथक नाही, तिथल्या सुशिक्षितांनी शाळेला जाऊन विचारावं की का नाही. पण पथक काढून दिल्यावर त्याचे अध्यक्ष होऊ नका. खुर्ची घ्या, गोलाच्या आत.

त्या शिबिराच्या दुसऱ्या रात्री पुन्हा वारं सुटलं. माझी झोप उडाली. बाहेर दोऱ्या ओढल्याचा आवाज, हातोड्याचे ठोके, नववीतल्या त्या पोराचा आवाज, "तू इधर पकड, मैं बांधता." मी उठून बसलो, चपला घातल्या, आणि पुन्हा काढल्या. सकाळी बघितलं तर खुंटी वाकडी ठोकली होती, गाठ पुस्तकातली नव्हती, पण तंबू उभा होता.

यंदाच्या शिबिरालाही मी जाणार आहे. खिचडी करपली तर करपलेली खाईन.